दाजींचे हातमोजे

२ जून, शुक्रवार

परवान्याला दुसरं भोक पडलं! सिग्नलला पुढचं चाक पांढऱ्या रेषेवर टेकलं म्हणून. शेजारी इथलाच एक पोरगा – डोक्यावर हेल्मेट नाही, कानाला फोन, अख्खी गाडी रेषेपलीकडे. पोलीस त्याच्याकडे बघून हसला आणि मला म्हणाला, बाजूला घे. हेल्मेटची काच वर करायला लावली, तोंड पाहिलं आणि खिशातून भोक पाडायचा पंच काढला. चौकात ही मोठी पाटी – कायदा सर्वांना सारखा! हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

दातांचं मला कोण सांगणार म्हणा. माझं कामच ते. दवाखान्यांतून दातांचे साचे उचलायचे आणि कवळ्या बनवतात तिथे पोचवायचे. परवाना गेला की काम गेलं, काम गेलं की देश सोडायचा. आणखी एक भोक, की चालू लागा.

३ जून

दाजी भडकले. ताईचे यजमान ते. त्यांनीच मला इथे आणलं. एकच खोली, एकच कंपनी, आणि त्यांच्याही परवान्याला दोन भोकं. "मेव्हणेबुवा, नियम पाळून काही होत नाही इथे. चामडी दिसता कामा नये!"

कंपनीत इथलेही लोक आहेत. गाड्या सारख्या, मागच्या निळ्या पेट्या सारख्या. म्हणून दाजींची युक्ती – काळी काच, मानेला रुमाल, पूर्ण बाह्या, हातमोजे. एवढ्या उकाड्यात! नवी नवरीसुद्धा एवढं झाकून घेत नसेल.

९ जून

चालतंय! चौकातल्या चष्मेवाल्या पोलिसाने आज चक्क सलाम ठोकला. मीही मान हलवली, इथलाच असल्यासारखी. खरं सांगायचं तर मजा वाटली. घरी आल्यावर त्या मजेचीच किळस आली.

१७ जून

ताईची आणि माझ्या भाचीची, छोटीची, कागदपत्रं मंजूर! पुढच्या महिन्यात येतात. दाजींनी नवी खोली बघून ठेवली, खिडकीवाली. छोटीची उंची कुठल्या भिंतीवर मोजायची तेही ठरलं. दिवसभर शीळ घालत होते. मला म्हणाले, "तू बस इथेच स्टोव्हशी गप्पा मारत."

२० जून, सकाळ

माझे हातमोजे कुठल्यातरी दवाखान्यात विसरलो. धांदरट! दाजींनी स्वतःचे पुढ्यात टाकले. "घाल. आज माझी फेरी मागच्या गल्ल्यांतून आहे. तिथे कुत्रंसुद्धा अडवत नाही." उजव्या अंगठ्यावर ताईने हिरव्या दोऱ्याने घातलेले टाके. मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

२० जून, संध्याकाळ

दाजींना धरलं.

मागची गल्ली खोदून ठेवली होती, म्हणून मोठ्या रस्त्याला आले. गुन्हा काय? तर हॉर्न वाजवला! सवय – आपला माणूस हॉर्न वाजवल्याशिवाय वळेल कसा? पण अख्खा चौक वाजवत होता. यांचेच हात उघडे होते.

मी मागून येत होतो. दाजी हेल्मेट काखेत धरून उभे, चष्मेवाल्याच्या हातात परवाना. थांबावं, हे एकटेच वाजवत नव्हते हो, असं सांगावं – सगळं मनात आलं. पण थांबलो तर काच वर करावी लागणार. चष्मेवाल्याने मला हाताने पुढे काढलं. मी गेलो. वळूनही पाहिलं नाही. दातखीळच बसली माझी!

दाजींनी माझ्या दिशेने मान वळवली होती. ओळखलं असेल? काळ्या काचेतून तोंड दिसत नाही. पण हातमोजे?

घरी आले, तोंड धुतलं, तिसऱ्या भोकाचं सांगितलं. चौकात कोण गेलं, कोण नाही, एक अक्षर काढलं नाही. फक्त म्हणाले, "हातमोजे नीट बसतात ना रे?"

२४ जून

दाजींना विमानतळावर सोडून आलो. हातमोजे परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. "तिकडे काय करू त्यांचं? तुला लागतील." विचारायचं होतं, ओठांपर्यंत आलं होतं. विचारलं नाही. भ्याड आहे मी.

छोटीसाठी घेतलेल्या चपला बॅगेत मावत नव्हत्या. हातात घेऊन गेले.

२६ जून

नसेलच पाहिलं.

२९ जून

खिडकीवाली खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली. चष्मेवाल्याने आज पुन्हा सलाम ठोकला.

२ जुलै

ताईचा फोन. "हे काही बोलतच नाहीत रे. येईल त्याला एकच गंमत सांगतात. पोलिसाने यांना धरलेलं, तेवढ्यात एक गाडी पुढून गेली. हे तिच्याकडे बघतच राहिले, तर पोलीस म्हणे, तो तुमच्यातलाच का? बोलव त्याला! हे म्हणाले, छे हो साहेब, तो तुमच्यातलाच. एवढं सांगतात आणि हसत सुटतात. यात हसण्यासारखं काय आहे, तूच सांग!"