जीपच्या दिव्यांची भानगड

सोमवार, १८ नोव्हेंबर १९८५

माकणीचं संध्याकाळचं दूध आज पुन्हा राहिलं. आमच्या जीपचे ड्रायव्हर बब्रुवानमामा चार वाजताच जीप वळवून, इंजिन चालू ठेवून बसलेले. मी म्हटलं, मामा, बाया धरणाच्या कामावरून साडेपाचला सुटतात, घरी जाऊन मग धारा काढतात. दोन-अडीच तास थांबू. तर म्हणाले, "म्याडम, गाडीचं दिवं बघितल्यात का? त्यापरीस काजवं बरं. अंधार पडायच्या आत घरी."

गिरिजाबाई दूध केंद्राच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. पूर्ण माकणीचं दूध त्या एकट्या मोजून घेतात. म्हणाल्या, "यशोदाबाई, तुमीच म्हशीस्नी सांगा, चारलाच पान्हा सोडा म्हनून. दूध संघाच्या सायबीन हाव, ऐकतील तुमचं." माझं नाव यशोधरा आहे हे सांगायचा आता मी नाद सोडलाय.

सकाळपर्यंत ठेवलेलं दूध निम्मं आंबतं. संघ परत पाठवतो. यंदा ज्वारी वाळून गेली. घरात जे येतं ते म्हशीचं आणि मुरूम वाहण्याचं. गिरिजाबाईंचा राग खोटा नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

संघाचे चेअरमन आबारावांनी बोलावलं. उमरग्याचा कुणी खासगीवाला मोटारसायकलला कॅन बांधून माकणीत फिरतोय म्हणे. "संध्याकाळचं दूध येणार नसेल तर ते केंद्र ठेवून काय उपयोग? संक्रांतीपर्यंत बघतो. मग बंद."

मी म्हटलं, दिव्यांचं काय ते मी बघते. ते हसले. हसू देत. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, जन्मभर पंपांच्या मोटारी जोडल्या, आणि टेस्टर धरायला मीच असायची.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

मामा जेवायला गेले तेव्हा बॉनेट उघडून पाहिलं. देवा रे! बॅटरीपासून डॅशबोर्डच्या जुन्या बटणापर्यंत, तिथून पायाच्या बटणापर्यंत, तिथून पुढं दिव्यांपर्यंत — दोऱ्यासारखी बारीक वायर. जागोजागी जोड, जोडावर चिकटपट्टी. अर्थिंगची तार तर उघड्या पत्र्याऐवजी सरळ रंगावर आवळलेली. वीज निम्मी वाटेतच मरते. दिवे बिचारे काय करणार.

रविवार, २४ नोव्हेंबर

मामा नातवाच्या जावळासाठी तुळजापूरला गेलेत. किल्ली पहारेकऱ्याकडून घेतली.

उमरग्याहून आणलेले दोन हॉर्नचे रिले, म्हणजे थोड्याशा विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज सोडणाऱ्या डब्या, बॅटरीशेजारी बसवले. बॅटरीतून मोटारीला लावतात तसली जाड वायर, फ्यूज घालून, रिलेमार्गे थेट दिव्यांना. जुनी बारीक वायर आता फक्त रिलेला हुकूम द्यायला. अर्थिंगच्या जागचा रंग पत्रा चमकेपर्यंत घासला. दिव्यांच्या वाट्या मऊ फडक्यानं पुसल्या. लुगड्याला ग्रीस, नखांत काळं. आई म्हणाली, "तुला बघायला येणाऱ्यांना हेच हात दाखव."

दिवस मावळल्यावर बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर ऊन पडल्यासारखं झालं. भिंतीवर झोपलेला कोंबडा उठून आरवला. तो आरवायचा थांबेना म्हणून दिवे घालवले.

सोमवार, २५ नोव्हेंबर

मामांना दिवे दाखवले. वाटलं, खूश होतील. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला. मग म्हणाले, "समोरच्याच्या डोळ्यावर येतंय हे."

मंगळवार, २६ नोव्हेंबर

संध्याकाळी दिवे पुन्हा काजवे! बॉनेट उघडलं. अर्थिंगच्या बोल्टखाली एस्टीचं तिकीट घडी करून सारलेलं. तुळजापूरचं.

मी तिकीट काढलं, बोल्ट आवळला. मामा म्हणाले, "आपोआप गेलं असंल."

व्हय, आपोआपच. तिकीट वाऱ्यानं आलं आणि घडी होऊन आत बसलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज रिलेची पिन निघालेली. परवा फ्यूजमधली तार गायब होती. मी सकाळी बसवते, दुपारी कुणीतरी काढतं. दोघंही तोंडातून शब्द काढत नाही. चहा मात्र एकत्र पितो. मामा बशी पुढं करतात, मी "साखर कमी झाली" म्हणते, आणि दोघं बॉनेटकडं न बघता बसतो.

माणूस वाईट नाही. मग असं का करतो? संध्याकाळी लवकर घरी जायला मिळावं म्हणून एवढा खटाटोप?

गुरुवार, ५ डिसेंबर

आज मजा केली. तेलात शेंदूर कालवून सगळ्या बोल्टांना आतल्या बाजूनं लावून ठेवला. तीन वाजता मामा आले ते दहाही बोटं लाल!

"मामा, हाताला काय झालं?"

"मारुतीला गेलतो."

"गुरुवारी?"

"देवाला वार लागतो व्हय म्याडम?"

आणि लाल हातानंच बशी धरून शांतपणे चहा प्याले. कपाळावर मात्र टिकलीएवढाही शेंदूर नव्हता. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आईबरोबर विहारात. आज दिव्यांचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. केला.

सोमवार, ९ डिसेंबर

मोटारीचं दार उघडलं की आतला दिवा लावणारं बटण असतं, तसलं एक बॉनेटखाली बसवलं. बॉनेट मिटलं की दाबलेलं, उचललं की हॉर्न सुरू. सकाळी जोडून ठेवलं. संचालकांची बैठक आज आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. (होतं.)

दुपारी हॉर्न जो बोंबलला! थांबेचना. आबाराव, संचालक, शिपाई, दूध घालायला आलेले — सगळी माणसं अंगणात. मध्ये मामा, दोन्ही हातांत बॉनेट उचलून धरलेलं. खाली टाकावं हे सुचेना.

आबाराव कानावर हात ठेवून ओरडले, "काय चाललंय?"

मामांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "हॉर्न तपासतोय सायेब. चांगला हाय."

सगळे गेल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. हातात टोपी फिरवत उभे राहिले. "बरं," म्हणाले. "परवा थांबू माकणीत." जिंकले! पण ते वळून गेले तेव्हा पाठ एकदम म्हाताऱ्या माणसासारखी दिसली. आधी कधी तशी दिसली नव्हती.

बुधवार, ११ डिसेंबर



माकणीत साडेसहापर्यंत थांबलो. बाया धारा काढून घागरी घेऊन आल्या, कॅन गळ्यापर्यंत भरले. गिरिजाबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी मला नावानं हाक मारली, तीही बरोबर.

निघालो. दिवे असे की रस्त्यावरचा खडा न् खडा मोजावा. आणि मामा गाडी चालवतात बैलगाडीसारखी. "पुढं ते कोन चाललंय म्याडम?" मला वाटलं, गप्पा मारतायत. "ती झाडं कुनाच्या रानातली?" मी सांगत गेले. वळणावर मी कॅनांकडं वळून बघत होते, तेवढ्यात गाडी सरळच गेली. रस्ता वळला, आम्ही नाही. धरणाच्या मुरमाच्या ढिगावर चढून, कलंडता कलंडता थांबलो.

कुणाला लागलं नाही. कॅनांची झाकणं घट्ट होती.

मामांनी स्टिअरिंग सोडलं नाही. समोर बघतच बोलले.

"उजेडाचा गोळा तेवढा दिसतो. त्याच्या भवती समदं काळं. रस्ता कुठं वळतो ते गावत न्हाय."

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्सं झाली. दिवसा कायबी न्हाय, सुई ओवतो म्या. पर दिवस बुडाला की संपलं. दिवं मंद हायत म्हनलं की कोन इचारत न्हवतं. तुमी दिवंच नीट केलं."

 इतके दिवस मी पदर तोंडाला लावून हसत होते. आणि मामा तरीही माझ्यापुढं चहाची बशी करत होते.

धरणावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं जीप ओढून काढली, त्यानंच ती संघापर्यंत आणली. आबारावांनी विचारलं तेव्हा सांगितलं, गाडी मुरमाच्या ढिगावर चढली. खोटं कुठं आहे?

रविवार, १५ डिसेंबर

सकाळीच मामा दारात. सोबत मालनबाई, त्यांच्या मंडळी. मालनबाईंनी आईच्या हातात शेंगांची पुरचुंडी दिली आणि मला म्हणाल्या, "ह्येंची नोकरी गेली तर घरात बसून माझंच डोकं खातील. तेवढं बघा." म्हणजे यांना सगळं ठाऊक.

मामांनी किल्ली पुढं केली. "क्लचला पाय पुरतोय का, बघा."

पुरतो. चपलेला खाली रबराचा तुकडा ठोकून.

बुधवार, १८ डिसेंबर

उस्मानाबादहून शिकाऊ लायसन आणलं. परत येऊन माळावर बाभळीला धडकले. बाभूळ शाबूत. मामा म्हणाले, "दिवसाढवळ्या? मला तरी कारण व्हतं."

सोमवार, २० जानेवारी १९८६

पक्कं लायसन शनिवारी मिळालं; तोवर माकणीहून चारलाच परतत होतो, आणि संक्रांतही उलटून गेली. आज पहिल्यांदा संध्याकाळची गाडी मी नेणार, कुणाला न सांगता. मामा शेजारी बसणार, एवढंच ठरलं होतं. तर पाच वाजता आबाराव जीपपाशी हजर. म्हणाले, मीही येतो, केंद्र ठेवायचं का ते बायांसमोरच बोलू.

मी स्टिअरिंगवर, मामा शेजारी. आबाराव म्हणाले, "हे काय उलटंच?" मी काहीतरी रचून सांगणार होते, तेवढ्यात मामांनी टोपी काढली. "सायेब, मला रातचं दिसत न्हाय. म्याडमला दिसतं."

आबाराव मग मागं चढून कॅनांमध्ये बसले.

"बब्रुवान, तू दिवसा चालव," म्हणाले. "आणि बाई, तुम्ही जरा हळू घ्या. मला गाडीत लई भ्या वाटतं, आजवर कुणाला सांगितलं नाही."