पाण्याकडे तोंड करून

३ नोव्हेंबर
आले एकदाची मुळशीला! माणसं एकमेकांबरोबर का हसतात, या विषयावर लवळ्याच्या विद्यापीठात पीएच.डी. करतेय, हे सांगितल्यावर घरमालकीण चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. खोली झकास, समोर धरणाचं पाणी. त्यांची सून रेश्मा तर अशी हसते की ऐकणाऱ्यालाही विनाकारण हसू फुटावं. लगेच रेकॉर्ड केलं.

५ नोव्हेंबर
गंमतच आहे. इथे पाण्याकडे तोंड करून कोणीच हसत नाही. ओट्यावर विनोद झाला की सगळे आधी पाठ फिरवतात, मग हसतात. चंद्राबाई म्हणाल्या, "पान्यानं हसू नेलं की माणूसबी नेतंय, ताई." प्रबंधाला आयतं प्रकरण मिळालं. मी जाम खूश!

८ नोव्हेंबर
दुरून ऐकलेलं हसू माणसाला हसवतं का, हे तपासायचं होतं. काठावर स्पीकर ठेवून रेश्माचं हसू पलीकडच्या वाडीला ऐकवलं. पलीकडून तेच हसू परत आलं. प्रतिध्वनी म्हणावा, तर मी स्पीकर बंद केल्यावरही ते चालूच राहिलं. स्पीकर उचलला आणि खोलीवर पळाले.

९ नोव्हेंबर
रेश्मा सकाळपासून हसतेय. आधी सगळे तिच्याबरोबर हसले. आता कोणी हसत नाही. डोळ्यांना धार लागलीय, हात जोडतेय, तोंड मात्र हसतंय. पिरंगुटच्या डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. झोपेतही हसतेय.

१० नोव्हेंबर
चंद्राबाईंना स्पीकरचं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. दुसऱ्या कुणी आपलं हसू दिलं तरच पाणी पहिल्या माणसाला सोडतं म्हणे. त्या स्वतः काठावर जाऊन आल्या. "खोटं त्येला चालत न्हाई. आन् माजी पोर मरायला टेकलीया, मला खरं हसू कुटनं येईल?"

११ नोव्हेंबर
रेश्माचा श्वास अडकतोय. मला भीती वाटते. फार भीती वाटते. पण केलं मीच—
काठावर गेले. आठवतील ते विनोद आठवले. काही नाही. हसण्यावर प्रबंध लिहिणारी बाई, आणि तिलाच हसू येईना— याचंच फुटलं. खरंखुरं.

संध्याकाळी
रेश्मा गप्प झाली. चहा मागितला तिने. चंद्राबाई रडल्या. माझ्याकडे बघत नाहीत—
सुरू झालंय. ओढणी कोंबली तोंडात. थांबत नाही—
आईला फोन. रेंज फक्त खिडकीत. स्पीकरवर ठेवला. बोलताच येईना— आईला वाटलं मी मजेत आहे. माझं ऐकून तीही हसायला लागली. खळखळून— खिडकी उघडी, समोर पाणी—
माझं हसू थांबलं.
एकदम थांबलं.
आई अजून— आई, पुरे, आई—