खिडकीवाल्या आजींची शाल

प्रिय आई,
तुला आणि तुझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण इथल्या माणसांची अशी किळस आलीय की तुझ्यापाशी ओकल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वृद्धाश्रमातल्या खिडकीवाल्या आजींना न्यूमोनिया झाला, दवाखान्यात न्यावं लागलं. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "येते गं." मेट्रनबाईंनी मात्र स्वयंपाकघरात एवढंच सांगितलं, "आजी गेल्या." कुठे गेल्या, हे एकानंही विचारलं नाही! दुसऱ्या दिवशी बघते तर कपाट रिकामं. रेडिओ स्वयंपाक्याकडे, चष्मा कचऱ्यात आणि लोकरीची शाल खुद्द मेट्रनबाईंच्या खांद्यावर.

"अहो, आजी जिवंत आहेत," मी म्हटलं. तर म्हणतात, "या वयात कोण परत येतंय?" मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, इथे मढं व्हायचीही वाट बघत नाहीत.

काल आजी परत आल्या. थंडी वाजते म्हणून शाल मागितली. तीच शाल पांघरून मेट्रनबाई गोड आवाजात म्हणाल्या, "कुठली शाल, आजी? हल्ली तुम्हाला काही आठवतच नाही."

मी ती त्यांच्या अंगावरून ओढून काढली. आता नोकरीचं जे व्हायचं ते होवो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे? वहिनी नीट वागते ना? कपाटाची किल्ली कनवटीला लाव. आणि दवाखान्यात निघताना, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांग, "येते!"

तुझी तापट,
धाकटी