दुग्ग्याहून परत येताना

गेल्मा, १० सप्टेंबर

लाडक्या हुरिया,

तुला सलाम, आणि मार्सेच्या त्या उंच घरात तुझ्यासोबत जे कोणी असतील त्या सगळ्यांना सलाम. आम्ही बरे आहोत. इकडे उन्हाळा पाहुण्यासारखा उंबऱ्यात उभा आहे, निघतो म्हणतो आणि निघत नाही. तुझ्या मेहुण्याचा, लखदारचा, गुडघा नेहमीसारखाच. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे इनास आता सगळ्या जगाशी शिट्टी वाजवत बोलते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू सारखं ‘मग? मग?’ करतेस आणि मी घाईघाईत भलतंच सांगून मोकळी होते. कागद मध्ये बोलत नाही. मला हे हळूहळू सांगायचं आहे.

आम्ही गाडी घेऊन ट्युनिसियाला जाऊन आलो, हे तुला कळलंच असेल. इनासला पाळण्यांची बाग हवी होती, लखदारला समुद्र, मला बाजार. आपल्या यम्माला कोणी विचारलंच नव्हतं. जी बाई अन्नाबाच्या किनाऱ्यावर यायलासुद्धा ‘पाण्यात काय बघायचं?’ म्हणते, तिला काय विचारायचं? पण आम्ही नकाशा उघडून बसलो होतो तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “मीही येते.” लखदारच्या हातातला चहा विजारीवर सांडला.

सीमेवर गाड्यांची मोठी रांग होती. बाया टपावर सतरंज्या वाळवत होत्या, पोरं गाड्यांच्या मधून चेंडू खेळत होती. यम्मा मागच्या सीटवर खिडकीशी, मांडीवर इनासचं डोकं. ती झोपली नव्हती, आणि जागी होती असंही म्हणवत नाही. बाहेरचं सगळं तिच्या चेहऱ्यावरून जात होतं, जसं पाण्यावरून ढग जातात. सीमा ओलांडली आणि तिने खिडकीची काच खाली केली. “वास तोच आहे,” म्हणाली. लखदार म्हणाला, “यम्मा, तो आपल्याच इंजिनाचा आहे.” ती हसली नाही.

हम्मामेतजवळ दोन खोल्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी पाळण्यांच्या बागेत गेलो. काय सांगू तुला, रंगीत दिव्यांच्या कमानी, पिंजलेली गुलाबी साखर, समुद्रावरून येणारा वारा, आणि त्यात आपली यम्मा, डोक्याचा रुमाल घट्ट बांधून आकाशपाळण्याच्या रांगेत! मी म्हटलं, “यम्मा, तुला चक्कर येईल.” ती म्हणाली, “मला लहानपणी जैतुनाच्या शेंड्यावरून चक्कर आली नाही, आता काय येते?” मी म्हटलं, “कुठलं झाड? आपल्या दारात कुठे जैतून?” ती म्हणाली, “झाड गं. कुठलंही झाड.” आणि इनासचा हात धरून चढली. पाळणा वर जाऊन थांबला. खालून मला फक्त तिचा पांढरा रुमाल दिसत होता, आभाळाला अडकलेला. उतरल्यावर इनास म्हणाली, “आजी वर सारखी टेकडी शोधत होती.” कुठली टेकडी म्हणून विचारलं, तर यम्मा म्हणाली, “पोरगी काहीही बोलते. तिला ती गुलाबी साखर घे.”

मग नाबेलचा शुक्रवारचा बाजार. मडकी, टोपल्या, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळा, संत्र्याच्या फुलांचं पाणी. मी एका मातीच्या थाळीवर घासाघीस करत होते आणि हरत होते. यम्माने मला कोपराने बाजूला सारलं आणि बोलायला लागली. हुरिया, ती आपल्यासारखी बोलत नव्हती! ‘खूप’ म्हणायला आपण बेझ्झाफ म्हणतो, ती तिकडच्यांसारखं ‘बर्शा’ म्हणत होती. ‘हे बर्शा महाग, ते बर्शा जाड.’ सूरसुद्धा तिकडचाच, शब्दाच्या शेवटी लांबवलेला. विक्रेता गाल खाजवत म्हणाला, “मावशी, आधी सांगायचं ना आपलीच आहेस म्हणून. मी तुला परकी समजून भाव सांगितला.”

“मग आता घरचा सांग,” यम्मा म्हणाली.

लखदार गाडीत म्हणाला, “यम्मा, तुमचा पासपोर्ट बदलून घ्यायचा का?” यम्मा थाळी मांडीवर घेऊन तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

एल जेमचं ते भलंमोठं दगडी रिंगण पाहून मात्र ती कंटाळली. “दगडच बघायचे तर गेल्म्यात काय कमी होते?”

“पण हे किती मोठे आहेत बघा,” लखदार म्हणाला.

“मोठे दगड मोठ्या लोकांना दाखव. मला सावली दाखव.”

परतीच्या सकाळी मी सामान भरत होते, तेव्हा ती गाडीत आधीच बसलेली. लखदारला म्हणाली, “समुद्राकडून नको. आतल्या रस्त्याने चल. तेबुर्सुकवरून.” लखदारने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. तिकडे दुग्ग्याचं पडकं शहर आहे, पाट्यांवर लिहिलेलं होतं. मला वाटलं, एवढे दगड नको म्हणणारी बाई आता स्वतःहून दगडांकडे चालली!

रस्ता चढत गेला. दोन्ही बाजूंना जैतुनाची झाडं, वाळलेलं गवत, आणि उन्हाने सगळं इतकं धूसर की टेकडी आधी दिसते आणि मग नाहीशी होते. गाडी थांबली तशी यम्मा उतरली आणि चालू लागली. तिचं नेहमीचं पाय ओढणं कुठे गेलं कोण जाणे! ती खांबांच्या देवळाकडे बघितल्याशिवाय पुढे गेली, एका गल्लीत वळली, मग डावीकडे, जसं आपण आपल्या स्वयंपाकघरात अंधारात मीठ शोधतो. एका पडक्या भिंतीशी थांबली. भिंतीचे खालचे दगड रोमन लोकांचे आणि वरचे गावकऱ्यांचे, मातीने लिंपलेले. तिने त्या लिंपणावर हात ठेवला.

“इथे शेळ्या,” म्हणाली. “इथे भट्टी. इथे आम्ही झोपायचो.”

“आम्ही कोण, यम्मा?” मी विचारलं.

“मी आणि मबरूका.”

तुला आणि मला एवढंच माहीत होतं ना, की फ्रेंचांशी लढाई चालू असताना यम्मा लहानपणी ‘सीमेपलीकडे’ होती? पुढचं तिने त्या भिंतीच्या सावलीत सांगितलं. आपल्या आजीने तिला तान्ही असताना पाठीशी बांधून सीमा ओलांडली, आणि या गावात पोहोचून तापाने गेली. आजोबा डोंगरात लढत होते. इथल्या सालहा नावाच्या बाईला तेव्हाच मुलगी झाली होती. तिने एका बाजूला आपली मुलगी घेतली आणि दुसऱ्या बाजूला यम्मा. यम्मा तिला ‘उम्मी’ म्हणायची. दुसरी कोणी आई असते हे तिला माहीतच नव्हतं. मग आपला देश स्वतंत्र झाला आणि एक दाढीवाला माणूस लॉरी घेऊन आला. तो तिचा बाप होता. तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

“मग?” मी तुझ्यासारखीच म्हणाले.

“मग काय? गेल्मा.”

ती जुनी वस्ती सरकारने कधीच खालच्या नव्या गावात हलवली आहे. तिकीट देणाऱ्या माणसाला यम्माने विचारलं, “सालहाच्या घरचं कोणी आहे का?” तो म्हणाला, “शेळ्यांवाली सालहा? अल्लाह तिच्यावर दया करो, ती जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी आहे, खाली. मशिदीमागचं निळं दार.”

निळ्या दारात एक गोल, बुटकी बाई बसून निवडुंगाची बोंडं सोलत होती. तिने आमच्याकडे पाहिलं. “आजची संपली. उद्या या.”

“फळं नको. मी यमिना,” यम्मा म्हणाली.

“कोण यमिना?”

“जी तुझ्या वाटणीचं दूध प्यायली.”

त्या बाईच्या हातातली सुरी खाली पडली. ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, “चोरटे! अजून भूक भागली नाही का तुझी?” आणि दोघी हसायला लागल्या. दारात उभ्या राहून, एकमेकींचे खांदे धरून, इतक्या हसल्या की इनास घाबरून माझ्यामागे लपली. हसणं कधी संपलं आणि रडणं कधी सुरू झालं, ते मला कळलंच नाही.

जेवताना मबरूकाखालाने लॉरीच्या दिवसाचं सांगितलं. यम्मा शेळ्यांच्या गोठ्यात लपली होती. आजोबांनी तिला ओढून काढलं. ती ‘उम्मी, उम्मी’ ओरडत होती, आणि उम्मी भट्टीसमोर पाठ करून भाकरी थापत बसली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

यम्मा थाळीतल्या घासाकडे बघत म्हणाली, “ते मला आठवतं. तिची पाठ आठवते. मी काय केलं होतं, ते आयुष्यभर शोधत राहिले.”

“वेडे,” मबरूका म्हणाली, “वळून पाहिलं असतं तर सोडलं असतं का तिने तुला? बापाचा हक्क होता, ती काय करणार? एकही भाकरी तिने भट्टीत लावली नाही. नुसती थापत राहिली. लॉरी वळणाआड गेली आणि मग उठून धावली, अनवाणी. आम्हाला ती खालच्या मोठ्या रस्त्यावर सापडली, धुळीत बसलेली. पाय सोलवटलेले. त्यानंतर कितीतरी दिवस तिने दोघींचं ताट वाढलं.”

 यम्माने आपला रुमाल सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला.

हुरिया, आता तुला कळलं असेल मी इतका वेळ कशाभोवती फिरते आहे. ज्या सकाळी तू फ्रान्सला निघालीस, यम्मा ओट्याशी पाठ करून उभी होती. तू मागून तिला मिठी मारलीस आणि ती हलली नाही. विमानतळावर तू म्हणालीस, “दगड आहे ती.” त्यानंतर तुझा फोन आला की तिचे हात कायम पिठात असतात. मला वाटायचं हा राग आहे. तिलाही बहुधा तसंच वाटायचं. जाणाऱ्या माणसाला निरोप कसा द्यायचा, हे तिने एकदाच पाहिलं होतं, आणि ते असं पाहिलं होतं.

आणि दुसरी गोष्ट. यम्मा इथे घरी नाही. घाबरू नकोस, ठणठणीत आहे. आम्ही तिथे मुक्काम केला, आणि सकाळी मी तिची पिशवी गाडीत ठेवली, तर तिने ती काढून परत आत नेली.

“मी राहते.”

“किती दिवस?”

“जैतून उतरवून होईपर्यंत. मबरूकाला एकटीला होत नाही.”

“यम्मा, तुझ्या गोळ्या? तुझं घर?”

“घर तिथेच आहे, पळून जात नाही. गोळ्या इथेही मिळतात.” मग हळूच म्हणाली, “उम्मीची कबर टेकडीच्या कडेला आहे. मला थोडे दिवस तिच्याजवळ बसू दे.”

मी वाद घालणार होते. लखदारने माझा दंड धरला. म्हणाला, “चल. कधी नव्हे ते त्या बाईने स्वतःसाठी काही मागितलं आहे.”

आम्ही निघालो तेव्हा मला वाटलं, ती आत जाईल. पण ती बाहेर आली. मबरूकाचा हात धरून गाडीमागे चालत आली, पार मोठ्या रस्त्यापर्यंत, आणि तिथे उभी राहिली. तोंड आमच्याकडे, डोळे भरून वाहणारे, आणि हात वर. इनास मागच्या काचेतून हात हलवत होती. मी आरशात पाहत होते. रस्ता वाकला, जैतुनाची झाडं मध्ये आली, तरी तो हात मला बराच वेळ दिसत राहिला. खरंच दिसत होता की नुसतं वाटत होतं, ते मी शपथेवर सांगू शकणार नाही.

निघण्याआधी मी विचारलं होतं, “हुरियाला काय सांगू?” तिने पुष्कळ विचार केला. म्हणाली, “सांग, ये. बाकीचं समोर बसून बोलते. पाठमोरं खूप झालं.”

मार्सेहून ट्युनिसला सरळ विमान आहे, आपल्या गेल्म्याला येण्यापेक्षा सोपं. आलीस तर आधी इकडे येऊ नकोस. सरळ तिकडे जा. मशिदीमागचं निळं दार. मला तुला बघायचं आहे, किती ते तुला माहीत आहे, पण मी नंतर भेटेन.

तुझी मोठी बहीण, जी या वेळी आनंदाने दुसरा नंबर घेते आहे,

वहिबा