सईच्या बाळंतपणाआधी एक सही

३ फेब्रुवारी, मंगळ.
सकाळपासून फोनवर फोन. "काकू, पासपोर्टची ही नवी नोटीस काय म्हणते हो?" शेवटी महिला मंडळाच्या ग्रुपवर बोलून टाकलं: बायांनो, घाबरू नका. सगळ्या कागदांवर नाव एकच हवं, एवढंच म्हणणं आहे. लग्नात नाव बदललं असेल तर नवरा-बायकोने मिळून शपथपत्र करायचं. झालं! लगेच फुलं, नमस्कार.
माझंच घोडं अडलंय. शाळेच्या दाखल्यावर उषा, आधारवर मृणाल. पासपोर्टवाल्यांनी परत पाठवलं. "मॅडम, दोनों में से एक ही चलेगा. सरनेम तो समझे, पर नाम कैसे बदल गया?" इथल्या हिंदी लोकांना लग्नात बायकोचं नावच बदलायची आपली मराठी पद्धत कोण सांगणार!

५ फेब्रु., गुरु.
मस्कतहून सईचा फोन. सातवा लागला. तिला सासू नाही, जावई दिवसभर साइटवर. "आई, येशील ना गं?" येते म्हटलं. कशी, ते अजून ठरायचंय.
पासपोर्ट दाखल्यावरच्या उषा नावानेच मिळणार, म्हणून तसं शपथपत्र टाइप करून आणलं, ह्यांच्यापुढे ठेवलं. "बघतो." आणि त्यावर पेपर उघडून बसले.

८ फेब्रु., रवि.
बिट्टन मार्केटात कुलकर्णीबाई भेटल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून काम झालं हो माझं!" हे शेजारी भाजीची पिशवी धरून उभे.
मिसरोदला घरी आलो. फाटकाशी म्हणाले, "लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने मृणाल लिहिलं होतं मी. आता ते खोडायला मीच सही करू?"
नाव हे निमित्त, मला ठाऊक आहे. ह्यांना हार्ट अटॅक आल्यापासून मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तरी "कुठे चाललीस?" घर आहे की कोंडवाडा! भयंकर चीड येते. मग चहाची बशी दोन्ही हातांनी धरून बसलेले हे दिसतात आणि अजूनच चीड येते.

११ फेब्रु., बुध.
ग्रुपवर धाकट्या जोशीणबाईंचा प्रश्न. "काकू, नवरा सहीच करत नसेल तर?"
 संध्याकाळी लिहिलं, 'प्रेमाने समजावून सांग त्यांना.' अगं उषे, काय हे! लाज वाटली.
सईने पाय दाखवले व्हिडिओवर. सुजलेत.

१५ फेब्रु., रवि.
उद्या पुन्हा पासपोर्टची तारीख. ही गेली तर पुढची कधी मिळेल, देव जाणे.
भाकऱ्या करत होते. हे कागद घेऊन स्वयंपाकघरात आले, स्टुलावर बसले.
"ग्रुपवर सांगतेस तसं सांग मला. सोप्या भाषेत."
ओट्याकडे तोंड करूनच सांगितलं. "ह्यात लिहिलंय, उषा आणि मृणाल ही एकच बाई आहे, हे तिच्या नवऱ्याला माहीत आहे. बाकी काही नाही."
त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. एक भाकरी करपली.
मग म्हणाले, "जाईल उषा. परत मृणालच येईल ना?"
हो म्हणायला काय जात होतं माझं? पण तोंडातून निघेचना. पीठ लागल्या हातानेच पेन आणून त्यांच्यापुढे ठेवलं.
जेवणं झाली. कागद तिथेच आहे, सहीची जागा कोरीच. रिक्षा सकाळी नऊला सांगितली आहे.