तुमच्या नावामागचं न दिसणारं एंटर

किल्लारी मुक्कामी शिवप्रसादराव यांस मुखेडहून तुमच्या दाजींचा, म्हणजे ग्यानोबाचा, दोन्ही हात जोडून रामराम. तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? वहिनींची शुगर कशी हाय? सासूबाईंना ऐकू यायला लागलं का (की अजून सोयीचं तेवढंच येतंय)? काळ्या म्हशीचं पोट ठीक झालं का? इकडं सगळे बरे हायत. फक्त तुमची बहीण तुळजाबाई कालपासून माझ्याशी बोलत न्हाई, आणि तुम्ही फोन उचलून न्हाई राहिले. दोन्हीचं कारण एकच.

ऋतुजाचं लग्न रविवारवर आलं आणि तिच्या सख्ख्या मामालाच आवतण न्हाई. मामाला पत्रिका टपालानं धाडायची नसते, घरातल्या कुणीतरी दारात जाऊन नारळ द्यायचा असतो, आणि मामा पाठीशी उभा राहिल्याबिगर पोरगी बोहल्यावर चढत न्हाई, हे सगळं मला कळतं. चूक माझीच. पण ती झाली कशी, हे मला इतकं नवलाचं वाटलं की सविस्तर लिहितो.

शिलाईचं दुकान सत्यमकडं सोपवल्यापासून मी मोबाईलवर बघून बघून पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, शिकतोय (ह्या वयात पोरगं बापाला हसतंय, हसू द्या). आवतणाला आम्ही दोघं बाप-लेक फिरणार, म्हणून ज्यांच्याकडं जायचं राहिलंय त्यांची नावं एका फाईलीत लिहिली, ओळीला एक. जाऊन आलं की नाव खोडायचं. मग प्रोग्राम केला: नाव टाका, ते फाईलीत असलं तर 'जायचं आहे' म्हणणार, नसलं तर 'जाऊन झालं'. तुमचं नाव टाकलं. 'जाऊन झालं.' मी समजलो सत्यम गेला, सत्यम समजला मी गेलो. तुळजाबाई म्हणाली, "माझ्या भावाकडं कोण गेलं?" मी म्हटलं, "मशीन म्हणतंय, झालं." ती म्हणाली, "मशीनला नारळ देताना बघितलं का तुम्ही?"

कुणाचंही नाव टाका, जाऊन झालं. फक्त देगलूरचे माझे जुने दोस्त मलप्पा तेवढे 'जायचं आहे'. ते यादीत सगळ्यांत शेवटी. त्यांच्याकडं सकाळी मी गेलो, नाव खोडायचं राहिलं, म्हणून दुपारी सत्यम. मलप्पा म्हणाले, "बाप झाला, लेक झाला, आता सांजच्याला नवरदेव धाडताव का?"

तेव्हा मला शंका आली. सगळी नावं पडद्यावर काढून बघितली, तर तुमचं नाव पहिल्याच ओळीत, खोडलेलं न्हाई. आणि प्रत्येक नावाखाली एक ओळ कोरी (मला आधी वाटलं, मशीन पाव्हण्यांत मानाचं अंतर राखतंय). मग मशीनला फाईलीतल्या तुमच्या नावाची (तिथं राव न्हाई, नुसतं शिवप्रसाद) चिन्हं मोजायला लावली. काना, वेलांटी, जोडाक्षराचा पाय मोडलेला, सगळं धरून माझ्या बोटांवर नऊ भरतात. मशीन म्हणे दहा. मलप्पांची मात्र माझ्या बोटांवरही सहा आणि मशीनचीही सहाच. जे दिसत न्हाई पण मोजलं जातं, ते हाय तरी काय? दोन दिवस जेवणात लक्ष न्हाई. शेवटी उकललं. ओळ संपवून आपण एंटर दाबतो ना, त्याची एक खूण नावाला चिकटून राहते, आणि फाईल वाचताना ती नावासंगट आत येते. मी टाकलेल्या नावाला ती खूण न्हाई, म्हणून मशीन म्हणतंय हा मनुष्य वेगळा. मलप्पांच्या नावानंतर मी एंटर दाबलंच नव्हतं. शिवण झाली की दोऱ्याचं टोक लोंबतं, ते कातरायचं असतं, तसं वाचताना प्रत्येक ओळीला स्ट्रिप, म्हणजे कडेची खूण कातरायचा हुकूम, लावायचं, इतकंच. चाळीस वर्षं टोकं कातरली आणि इथं विसरलो.

आपला,
ग्यानोबा

ता. क. स्ट्रिप लावून पुन्हा चालवलं. तुमच्याखेरीज आणखी एकतीस घरं 'जायचं आहे'. ती सत्यमच्या वाट्याला दिलीत.

ता. क. दुसरा. मामाला पत्रानं आवतण देणं हा आणखी एक अपमान, हे तुळजाबाईनं चिठ्ठी लिहून कळवलं. म्हणून हे पत्र तुमच्या शेजाऱ्याच्या नातीच्या हाती आत धाडतोय आणि मी नारळ घेऊन तुमच्या फाटकाबाहेर उभा हाय. आत यावं का, एवढं ह्याच कागदामागं लिहून धाडा. लौकर लिहा, ऊन लई हाय.