फौजदाराची वही

प्रिय ठकू,

फौजदार अजून आहे. हे आधी सांगून टाकते, कारण पाकिटावरचं माझं कोंबडीच्या पायासारखं अक्षर बघून तुझ्या मनात पहिलं हेच येईल, की बोका गेला वाटतं, एरवी ताई कशाला पत्र लिहिते. गेला नाही. बारा वर्षांचा झालाय, फाटका कान तसाच आहे आणि मिजास दुप्पट. गेल्या वर्षी तो एकाएकी फार पाणी प्यायला लागला. बादलीत तोंड घालून पीत बसायचा, दिवसभर खायचा आणि तरी वाळत चालला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी कानाच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त घेतलं, यंत्राकडे बघितलं आणि म्हणाले, साखर आहे याला. मला आधी हसू आलं, ठकू. मग रिक्षात बसल्यावर रडू आलं. आपल्या घरात हा आजार दुसऱ्यांदा आला.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. आधी खायला द्यायचं, तो खात असताना मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि दोन युनिट टोचायचे. ऐकायला सोपं आहे. पण तुला तो माहीत आहे. अप्पा सोडले तर त्यानं कोणाला अंगाला हात लावू दिला होता? तू तर त्याला लांबूनच 'साहेब' म्हणायचीस. पहिले दोन महिने माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांनी भरलेले असायचे. ऑफिसात साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? आता आमची एक तडजोड झाली आहे. मी टोचते, तो गुरगुरतो, दोघंही एकमेकांकडे बघत नाही.

या महिन्यात मला नऊ दिवस बाहेर जायचं होतं. माझं काम तेच आहे, वजनकाटे तपासायचं. लांब एका चुनखडीच्या खाणीत ट्रक तोलायचे चार मोठे काटे बसवलेत, ते तपासून शिक्का मारायचा होता. साहेबांना दोनदा नाही म्हणून झालं होतं, तिसऱ्यांदा म्हणायला तोंड नव्हतं. फौजदाराला डॉक्टरांकडे ठेवून पाहिलं, तर दीड दिवसात त्यांनीच फोन केला. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून बसला होता, खात नव्हता, आणि झाडणाऱ्या बाईंच्या अंगठ्याला दोन टाके पडले होते. डॉक्टर म्हणाले, याला घरीच ठेवा, आणि सुईची सवय असलेलं माणूस शोधा. आणि एक गोष्ट जपा, म्हणाले. एखादी वेळ चुकली तर चालेल, पण एकाच वेळेचं दोनदा दिलं गेलं तर दुपारपर्यंत खेळ खलास.

त्यांनी ते सहज सांगितलं. मी मान डोलावली.

माणूस मिळालं ते आपल्याच इमारतीत. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायला आल्या आहेत, पस्तीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, घाऱ्या डोळ्यांच्या, कमी बोलणाऱ्या. फौजदारानं पहिल्याच दिवशी त्यांना बोचकारलं. त्यांनी शांतपणे हात धुतला आणि म्हणाल्या, याच्यापेक्षा वाईट पेशंट सांभाळलेत, ते शिव्याही द्यायचे. त्यांची अट एकच. एक वही हवी. तारीख, वेळ, किती खाल्लं, किती युनिट दिले, सगळं त्यात. "वहीत असेल तर दिलं," त्या म्हणाल्या, "वहीत नसेल तर दिलेलं नाही. मी माणसाच्या बोलण्यावर जात नाही." मी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी न घेताच परत आले. तुला कारण सांगायला नको.

ठरलं असं, की मी साडेपाचला निघायचं आणि सकाळी सातचं पहिलं इंजेक्शन नर्सबाईंनी द्यायचं. वही नवी आणली, टेबलावर उघडून ठेवली, वर पेन. पण ऑफिसची गाडी उशिरा आली. मी बूट घालून बसले होते, सहा वाजत आले, आणि फौजदार आपण होऊन वाटीपाशी आला. मी खायला घातलं. तो निमूट खात होता, पाठ माझ्याकडे. म्हटलं, देऊन टाकू, पहिल्याच दिवशी नर्सबाईंशी झटापट नको. दोन युनिट भरले, दिले. त्यानं गुरगुरही केली नाही. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. मी सुई डब्यात टाकली, बॅग उचलली, कुलूप लावलं, उतरले.

दोन तासांनी घाट चढल्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. त्यानं कप्प्यातून आपली वही काढली आणि किती किलोमीटर झाले ते लिहिलं. मी त्याच्या पेनाकडे बघत होते, आणि एकदम आठवलं. मी लिहिलं नव्हतं. वही कोरी होती. सात कधीच वाजून गेले होते. फोन काढला तर रेंज नाही. ड्रायव्हर म्हणाला, आता खाणीच्या ऑफिसात गेल्यावरच. ते सव्वा नऊला आलं. तो सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला बाहेर काहीही दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर फौजदार नव्हता, ठकू. अप्पांची खोली होती.

खाणीच्या ऑफिसातून फोन लावला. नर्सबाई म्हणाल्या, काय झालं, घाबरल्यासारख्या का बोलता? मी कसंबसं विचारलं, सकाळचं दिलंत का? "नाही हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही वहीत लिहून ठेवलंय ना, सहा वाजता दोन युनिट, दिले. मग मी कशाला देईन? त्याला बघितलं, तो मजेत होता, खाली आले." मग फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पण अक्षर काय सुंदर आहे तुमचं. छापल्यासारखं."

मी फोन ठेवला आणि काट्यांकडे गेले. नऊ दिवस काम केलं. एकही आकडा चुकला नाही, एवढं मात्र माझ्याकडून होतं.

रोज संध्याकाळी खाणीच्या ऑफिसातून मी फोन करायचे. तिसऱ्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "बोका हातात यायला लागला. सुई लावताना जागचा हलत नाही. फक्त माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यामागे बघतो आणि तसाच बसून राहतो. सुरुवातीला मी वळून बघायचे," त्या म्हणाल्या, "आता सोडून दिलं." पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, घरात रंगकाम काढलंय का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग खालून वास येत असेल, टर्पेंटाइनचा. अप्पांचे रंगाचे डबे, ब्रश, दुकानांच्या पाट्या रंगवायच्या फळ्या, सगळं मी ते गेले त्याच वर्षी देऊन टाकलं, तुला ठाऊक आहे. सातव्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं, की बोका सकाळी आतल्या खोलीच्या दारात बसलेला असतो, आणि ते दार रोज थोडंसं उघडं असतं. त्या ओढून घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडं. कडी ढिली असेल, म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. तेच मला जास्त जड गेलं.

परत आले ती दुपारी. फौजदार दारात आला नाही. तो अप्पांच्या खाटेवर होता, नुसत्या लाकडी फळ्यांवर, पाय पोटाखाली घेऊन. मी चपला न काढता टेबलाकडे गेले. वहीत नर्सबाईंच्या बारीक, तिरक्या अक्षरात सगळं नीट होतं. आणि त्या सगळ्याच्या वर पहिली ओळ होती. सकाळी सहा, दोन युनिट, दिले. प्रत्येक अक्षर सुटं, टपोरं, आणि त्यावर एक अखंड शिरोरेघ, जाड सुरू होऊन बारीक होत गेलेली, उजवीकडून डावीकडे. असं कोण लिहितं, ते मी तुला सांगू? लहानपणी आपण पाटी रंगताना दुकानाबाहेर उभ्या राहून बघायचो. अप्पा डाव्या हातानं आधी सगळी अक्षरं काढायचे आणि शेवटी उलट्या बाजूनं रेघ ओढायचे, आणि लोक थांबून बघायचे.

तू म्हणशील मीच घाईत लिहिलं असेल. मीही तेच म्हटलं. त्याच पेनानं तीच ओळ लिहायचा प्रयत्न केला, डाव्या हातानं, उजव्या हातानं, पानंच्या पानं. शेवटी नर्सबाईंना वर बोलावून विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का? त्यांनी माझी पानं पाहिली, ती ओळ पाहिली. मग खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, मी आले तेव्हा शाई ओली होती, बोटाला लागली. तुम्ही नुकत्याच निघाल्या असाल असं वाटलं.

मी निघून तेव्हा तास झाला होता.

त्या खाली गेल्यावर मी कपाटातून अप्पांची साखरेची वही काढली. सहा वर्षांत काढली नव्हती. त्या दिवसाचं पान काढलं. तिथे एकच ओळ आहे, तुझी. सकाळी आठ पाच, बावीस युनिट. तू आदल्या दिवशी सुट्टीवर आली होतीस, प्रवासानं दमून झोपली होतीस, आणि मी पहाटे अशाच एका गाडीतून कामाला गेले होते. मग दुपारी अप्पा उठेचनात, मग हॉस्पिटल, मग ते तीन दिवस. डॉक्टर म्हणाले, अंगात इन्सुलिन फार जास्त गेलं आहे. मावशीनं तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "ताई, मी वही बघूनच दिलं गं. अप्पा म्हणत होते तिनं दिलंय म्हणून, पण ते तर रोजच म्हणतात. वहीत नव्हतं." आणि मी काही बोलले नाही तेव्हा तूच पुढे म्हणालीस, "माझ्याच हातून सुईत जास्त भरलं गेलं असेल." नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं तुझं. तू परत गेलीच नाहीस. आता तिकडे एका दुकानात दिवसभर कापड मोजतेस. दर वर्षी अप्पांच्या तारखेला तुझा फोन येतो, आणि तू दर वर्षी माझी माफी मागतेस, आणि मी म्हणते, जाऊ दे.

ठकू, त्या पहाटे मी अप्पांना इन्सुलिन दिलं होतं. बावीस युनिट, पावणेसहाला, त्यांना पोळीचे चार घास भरवून. हॉर्न वाजला म्हणून वहीत लिहायचं राहिलं. तुझ्या हातून काहीही चुकलं नाही, तू अगदी बरोबर बावीस भरले होतेस, आणि अप्पा खरं बोलत होते. हे मला हॉस्पिटलच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हापासून माहीत आहे. नंतर मी स्वतःला सांगत गेले, की दिलं की नाही ते नीट आठवत नाही, आणि रोज सांगितलं की खोटंसुद्धा बसतं अंगाला. आता ते जमत नाही. एका बोक्यासाठी अप्पांनी ते केलं, जे तुझ्यासाठी मी करायला हवं होतं, आणि अप्पांच्या वहीतली ती जागा मात्र त्यांनी तशीच कोरी ठेवली आहे. मावशीला काल जाऊन सगळं सांगितलं. ती मला दारापर्यंत सोडायलाही आली नाही. तुझ्या कॉलेजच्या मोठ्या बाईंनाही आज लिहिलं आहे, जे झालं ते जसंच्या तसं, खाली सही करून. त्याचा आता तुला उपयोग आहे की नाही, मला ठाऊक नाही. माफ कर असं मी लिहिणार नाही, तो शब्द तू सहा वर्षं माझ्या वाटचा वापरला आहेस. यंदा अप्पांच्या तारखेला तू फोन करू नकोस. मी करेन. उचलायचा की नाही, ते तुझं तू बघ.

तुझी म्हणू की नको, हे आता तुझ्या हातात,
ताई